आमच्याच रानातली उष्टी हळद

माझ्या लग्नाची तयारी नेमकी कधी सुरू झाली, असे विचारले तर आमच्या घरातल्या प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल. आईच्या मते ती नोव्हेंबर २०१९ मध्ये सुपारी फुटली त्या दिवशी सुरू झाली आणि धाकट्या भावाच्या मते मंगल कार्यालयाला विसार दिला त्या दिवशी. आण्णा, म्हणजे माझे वडील, मात्र ती त्याच वर्षीच्या मे महिन्यात, अक्षय तृतीयेनंतर आठवडाभराने सुरू झाली असे ठामपणे सांगतात. तेव्हा मुलगा ठरलेला नव्हता, मी पुण्यात नोकरी करत होते आणि स्थळांचे फोटो व्हॉट्सॲपवर येऊन तसेच पडून राहत होते. आण्णांनी मळ्यावरच्या तुकड्यात सेलम जातीच्या हळदीचे जेठे गड्डे, म्हणजे लावणीचे कंद, लावून घेतले आणि संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितले, "यातली हळद पोरीच्या अंगाला लागणार बघ." आईने ते फारसे मनावर घेतले नाही, कारण प्रत्येक लावणीच्या वेळी आण्णा असे काहीतरी बोलतातच.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला आहे. ऊस, द्राक्षे आणि हळद यांवर घर चालते. सांगलीची हळदपेठ जुनी आहे आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज्जीच्या लहानपणी हळद विकायची घाई नसे. ती हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खोल बळदांत, भाव येईपर्यंत वर्षानुवर्षे ठेवली जाई. आम्हा मुलांना हळदीचे कौतुक कधी वाटले नाही, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेतून आले की अंगणात पाय ठेवायला जागा नसे आणि वह्यांच्या कडासुद्धा पिवळ्या होत. पुण्यात मैत्रिणी लग्नातल्या हळदीच्या कार्यक्रमाबद्दल उत्साहाने बोलत, तेव्हा मला आधी शिजत्या हळदीचा घशाला लागणारा उग्र वासच आठवे.

२०१९च्या त्या ऑगस्टमध्ये पूर आला. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आम्ही गाव सोडून नातेवाइकांकडे विट्याला जाऊन राहिलो. पाणी ओसरल्यावर परत आलो, तेव्हा नदीकाठच्या रानातला ऊस काळा पडून आडवा झालेला होता आणि तिथली हळद तर कंदासकट कुजली होती. मळ्यावरचा तुकडा उंचावर असल्याने वाचला. त्यानंतर तीन महिने घरात लग्नाचा विषय कोणी काढला नाही. दिवाळीनंतर कागल तालुक्यातले स्थळ आले तेव्हा आण्णांनी पहिला प्रश्न मुलाच्या पगाराविषयी विचारला नाही. तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत आले होते, हे विचारले. त्यांच्याकडचेही रान दूधगंगेच्या काठाचे होते. पुढचा अर्धा तास दोन्हीकडचे पुरुष फक्त पुराविषयी बोलत राहिले आणि मी चहाचे ट्रे घेऊन उभी असल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. मुलगाही पुण्यातच नोकरीला होता, त्यामुळे आम्ही नंतर तिथे दोनदा भेटलो, बोललो, आणि होकार दिला. त्यात सांगण्यासारखे नाट्य काही नव्हते.

सुपारी फुटली त्याच बैठकीत याद झाली. याद म्हणजे कोणी कोणाला काय द्यायचे याची लेखी यादी. तिच्यावर दोन्हीकडच्या कारभाऱ्यांच्या सह्या होतात. आमच्या यादीत हुंडा नव्हता, हे मी अभिमानाने सांगते. पण मानपानाची दीड पाने होती, हेही सांगितले पाहिजे. वरमाईची साडी, आजेसासूची साडी, पाच करवल्या, तीन मामा, त्यांचे फेटे, असे करत यादी लांबत गेली. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. पूरग्रस्तांच्या अनुदानासाठी तलाठ्याकडे चकरा मारणारे माझे वडील फेट्यांची संख्या अकरावरून पंधरा करायला मान हलवतात, हे मला सहन झाले नाही आणि रात्री मी त्यांच्याशी भांडले. ते एवढेच म्हणाले, "पंधरा फेट्यांनी कोण बुडत नाही, बाळ. बुडवणारं येऊन गेलं." मी गप्प बसले. माझे म्हणणे चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही.

त्याच बैठकीत दुसरी एक गोष्ट ठरली. आमच्याकडे हळद आधी नवऱ्या मुलाला लागते आणि त्याच्या अंगाची उरलेली हळद नवरीकडे येते. तिला उष्टी हळद म्हणतात. तीच नवरीला लावायची. म्हणजे ज्या घरात पोत्यांनी हळद पिकते, त्या घरच्या मुलीलाही पहिली हळद लागणार ती बाहेरून आलेली. आण्णांनी मे महिन्यात बोललेले वाक्य आईला तेव्हा आठवले असावे, कारण तिने आतूनच विचारले, "मग आपल्या हळदीचं काय?" आण्णांनी यावर आधीच विचार करून ठेवला होता. त्यांनी व्याह्यांना सांगितले की आम्ही आमच्या रानातली हळकुंडे लग्नाआधी तुमच्याकडे पाठवू, तुम्ही त्यांचाच घाणा भरा आणि तीच हळद उष्टी होऊन परत येऊ द्या. सासऱ्यांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती यादीत लिहून घ्यायला लावली. "मुलीकडून हळकुंडे ६ किलो" ही नोंद त्या कागदावर फेट्यांच्या खालीच आहे.

लग्न फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात होते. हळदीची आमची नेहमीची काढणी त्याच सुमारास असते, आणि काढून, शिजवून, वाळवेपर्यंत आणखी पंधरा-वीस दिवस जातात. म्हणून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लग्नापुरते दोन वाफे आधी काढायचे ठरले. मी त्यासाठी मुद्दाम चार दिवसांची रजा घेऊन आले. पाला आधीच कापून ठेवला होता. कुदळीने वाफा उकरला की गड्डा वर येतो; त्याच्या मधला जाड भाग तो जेठा गड्डा, त्याच्या बाजूचे बगल गड्डे आणि बोटांसारखी लांबट ती हळकुंडे. जेठे गड्डे पुढच्या लावणीला ठेवायचे आणि हळकुंडे शिजवायची. साधारण ६० किलो ओली हळकुंडे निघाली. एरवी आम्ही हळद वाफेवरच्या कुकरमध्ये शिजवून घेतो, पण एवढ्याशा मालासाठी कुकरवाला येणार नव्हता. म्हणून आज्जीच्या देखरेखीखाली परसात चूल मांडली आणि मोठ्या तपेल्यात, वरून हळदीचाच पाला आणि गोणपाट झाकून, चार खेपांत हळद शिजवली. शिजल्याची खूण म्हणजे हळकुंडात काडी सहज आरपार जाते. आज्जी दर दहा मिनिटांनी काडी टोचून पाहत होती आणि "आजून कच्ची हाय" असे म्हणत आम्हाला जाळ घालायला लावत होती. कमी शिजली तर आतून फिकी राहते आणि जास्त शिजली तर रंग उतरतो. पुढचे बारा दिवस ती गच्चीवर वाळली, मग गोणपाटात घालून घासली. पाच किलोंना एक किलो हा हिशोब धरला तर बारा किलो व्हायला हवी होती आणि ती जवळपास तेवढीच भरली. त्यातली सहा किलो आण्णा स्वतः कागलला पोहोचवून आले.

बस्त्याच्या दिवसाविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण त्याची आठवण काढली तरी माझे डोके दुखते. दोन्हीकडची मिळून सत्तावीस माणसे कोल्हापूरच्या एका दुकानात सकाळी अकराला शिरली आणि रात्री साडेआठला बाहेर पडली. माझा शालू वीस मिनिटांत ठरला. उरलेला वेळ मानाच्या साड्यांत गेला. एका मामींना दिलेली साडी दुसऱ्या मामींच्या साडीपेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त असल्याचे चिठ्ठी पाहून कोणाच्या तरी लक्षात आले आणि सगळा गठ्ठा पुन्हा उलगडला गेला. मधल्या वेळात सासूबाई मला घेऊन गुजरीत गेल्या. तिथे त्यांनी माझ्यासाठी घडवायला टाकलेला कोल्हापुरी साज तयार होता. सोनाराने त्याची २१ पाने मोजून दाखवली: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, एक माणिक, एक पाचू आणि शेवटचे डोरले. कूर्म आणि मत्स्य मला लगेच ओळखता आले, बाकीचे अवतार सासूबाईंनी बोट ठेवून दाखवले. त्यांच्याशी एकटीने बोलायची ती पहिली वेळ. साज गळ्याशी धरून त्यांनी मला आरशात पाहायला लावले आणि म्हणाल्या, "जड वाटला तर रोज घालू नकोस. मीपण घालत न्हाई."

फेब्रुवारीत गडगनेरे सुरू झाली. केळवणाला आमच्या भागात गडगनेर म्हणतात. भावकीतली चौदा घरे, त्यात पुराने भिंत गेलेली आणि ताडपत्रीवर दिवस काढणारीही होती. पण कोणीही मला जेवू घातल्याशिवाय आणि खण-नारळाने ओटी भरल्याशिवाय राहिले नाही. एका काकूंच्या नव्या चुलीला अजून माती ओली होती. त्यांनी पुरणपोळी केली होती आणि धुराने सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येत होते, त्यामुळे कोण खरे रडत होते ते कळायला मार्ग नव्हता.

लग्नाच्या तीन दिवस आधी दारात मांडव पडला, आंब्याच्या डहाळीची मुहूर्तमेढ रोवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी घाणा भरायचा होता. या प्रसंगाविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. जात्याला आणि मुसळांना हळद-कुंकू लावून, आंब्याची पाने बांधून, पाच सवाशिणी हळकुंडे आधी उखळात कांडतात आणि मग जात्यावर दळतात. दळताना ओव्या म्हणतात. आमच्या घरात ओव्या येतात त्या थोरल्या आत्याला. तिचे यजमान ती पस्तिशीची असताना गेले. तेव्हापासून ती माहेरीच, म्हणजे आमच्या घरी, राहते. मला लहानाची मोठी आईइतकेच तिने केले आहे. घाण्याची हाक झाली तेव्हा ती स्वतःहून उठून सोप्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसली. कोणी तिला जा म्हटले नाही आणि कोणी ये असेही म्हटले नाही. सवाशिणी दळायला बसल्या, पण ओवी कोणालाच धड येईना. शेजारच्या काकूंनी मोबाइलवर लावून पाहिली, तर तिचा ताल जात्याच्या फिरण्याशी जुळेना. शेवटी उंबऱ्यापलीकडून आत्याने "पहिली माझी ओवी" सुरू केली आणि पाचही जणींचे हात तिच्या आवाजावर फिरू लागले.

मी पाटावर बसले होते. मी इंजिनिअर आहे, पुण्यात स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या चर्चांना हजेरी लावते आणि माझे स्वतःचे लग्न होते. आत्याला आत बोलवा, एवढे तीन शब्द मी म्हणू शकले असते. मी म्हटले नाहीत. आदल्या रात्री आज्जी म्हणाली होती की कार्य पार पडेपर्यंत कोणी वाकडं काही बोलू नका, आणि मी त्या वाक्यामागे लपले. पुढे मे २०२२ मध्ये आमच्यापासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ती बातमी मी आत्याला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "चांगलं केलं." मग थोडे थांबून तिने विचारले की आमच्याकडे पाऊस झाला का.

शास्त्रापुरत्या पाच मुठी दळून झाल्या की सवाशिणी उठतात, चहा घेतात आणि घरी जातात. मात्र लग्नाला हळद लागते ती मुठीने नव्हे, किलोने. मांडवातल्या पाहुण्यांना लावायला, अक्षता रंगवायला, पत्रावळीवर, ओटीत, रुखवतात, सगळीकडे ती हवी असते. घरात गिरणीवरून दळून आणायचा विचार निघाला, पण गिरणीत आधी कोणाची मिरची दळलेली असेल तर नवरीच्या अंगाची आग होईल, म्हणून तो बारगळला. त्या रात्री अकराच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले, तर परसातल्या दिव्याखाली आत्या एकटी जात्यावर बसली होती. उखळात कांडलेल्या हळकुंडांचा ढीग तिच्या बाजूला होता. मी समोर बसले आणि खुंट्याला हात लावला. तिने हाताला नुकत्याच काढलेल्या मेंदीकडे पाहून मला दटावले, तरी मी पाच-सात फेरे मारले. हळदीचे जाते किती जड फिरते ते तेव्हा समजले. ती पहाटेपर्यंत दळत होती. म्हणजे माझ्या लग्नात आमच्या बाजूने जी हळद वापरली गेली, त्यातली पाच मुठी सोडल्या तर सगळी तिच्या हातची होती, आणि हे कोणत्याच शास्त्राच्या आड आले नाही.

हळद लग्नाच्या आदल्या संध्याकाळी होती. सकाळी कासाराने येऊन हिरवा चुडा भरला, एका हातात दहा आणि दुसऱ्यात अकरा. दोन बांगड्या पिचल्या तेव्हा आज्जीने कासारालाच पाणी प्यायला दिले आणि त्याला हळू हात चालवायला सांगितले. दुपारी देवक बसले. संध्याकाळी सहाला कागलहून उष्टी हळद येणार होती. फोटोग्राफरने झेंडूच्या माळांचा पडदा लावून, पिवळे गॉगल आणून सगळी सजावट केली होती आणि उजेड जायच्या आत हळद लावून घ्या, नाहीतर फोटो येणार नाहीत, असे तो दर पाच मिनिटांनी सांगत होता. सात वाजले, आठ वाजले. मी पिवळी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसलेले होते आणि त्या फुलांवर मुंग्या यायला लागल्या होत्या. फोन केला तर कळले की गाडी जयसिंगपूरच्या अलीकडे पंक्चर झाली आहे आणि पर्यायी चाकातही हवा नाही. फोटोग्राफरने सुचवले की तोपर्यंत घरातलीच हळद लावून फोटो काढू, कोणाला कळणार आहे. त्यावर आण्णा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पावणेदहाला गाडी आली. पाच बायका उतरल्या. सगळ्यांत पुढे माझी नणंद, हातात पितळेचा डबा आणि त्यावर खणाचे झाकण. तिने डबा उघडला आणि आण्णांनी सगळ्यांच्या आधी पुढे होऊन आत पाहिले. हळद तेलात कालवलेली होती, तरी त्यांनी चिमटीत घेऊन दिव्याखाली धरली, बोटांवर चोळली आणि आईकडे बघून मान हलवली. मला त्या क्षणी हसू आवरले नाही. बाजारात सौद्याच्या वेळी ते अगदी असेच करतात. मग माझ्या चारही बाजूंना तांबे मांडून त्यांना सुताचे वेढे घातले गेले, आंब्याच्या पानाने पायांपासून डोक्यापर्यंत हळद चढवली गेली, आणि मग बायकांनी पाने बाजूला ठेवून हातांनीच चोळायला सुरुवात केली. नणंद माझ्या कानात म्हणाली, "दादाच्या अंगाची अजून निघत न्हाई, एवढी गडद हाय तुमची हळद." त्याच सुतात एक हळकुंड बांधून माझ्या हाताला कंकण बांधले. फोटोंत मागचा झेंडूचा पडदा दिसत नाही, अंधारच दिसतो.

हळद खरोखरच निघाली नाही. लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला आलेल्या पार्लरच्या ताईंनी माझा चेहरा पाहून कपाळाला हात लावला. त्यांनी आठ दिवस आधीच बजावले होते की चेहऱ्याला हळद लावू नका, गळ्यापर्यंतच ठेवा. त्यांनी दुधाने, बेसनाने, कशाकशाने पुसून पाहिले आणि शेवटी त्यावरच मेकअप चढवला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत कपाळाच्या कडेला आणि कानामागे मी पिवळी आहे. नाक टोचलेले नसल्याने चापाची नथ होती आणि ती जेवणापर्यंत तीनदा वाटीत पडली.

मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. आमच्याकडे पत्रिकेवर मुहूर्त छापतात तो बहुधा सत्कारांना कधी सुरुवात करायची ते समजावे म्हणून. तालुक्यातले तीन पुढारी आले, प्रत्येकाला फेटा बांधला गेला, प्रत्येकाने पुराच्या मदतीविषयी आणि मग जाता जाता वधूवरांविषयी दोन शब्द बोलले. मी आतल्या खोलीत शालू नेसून, बाशिंग आणि मुंडावळ्या बांधून, मामाचा हात धरून उभी होते. मामाने घड्याळ पाहिले तेव्हा एक वाजून पाच मिनिटे झाली होती. तो शेतकरी माणूस, ध्वनिक्षेपकाशी त्याचा कधी संबंध आलेला नाही; पण तो बाहेर गेला आणि निवेदकाच्या हातातून माइक घेऊन म्हणाला, "पोरगी उपाशी हाय. अक्षता घ्या." माझ्या अख्ख्या लग्नातले हे सर्वांत चांगले भाषण होते.

अक्षतांच्या वेळचे मला फार थोडे आठवते, आणि याचे मला आश्चर्य वाटते. समोर अंतरपाट, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक, खाली अंतरपाटाच्या कडेपलीकडे दिसणारे त्यांचे पाय, आणि त्या पायांच्या नखांत अडकलेली हळद. मंगलाष्टके चालू असताना मी त्या नखांकडेच बघत होते. पूर आला त्या रानाच्या वरच्या मळ्यातली ती हळद, कागलला जाऊन तिथल्या माणसाच्या नखांत बसून इथे परत आली होती. मग वाजंत्री वाजली, अंतरपाट बाजूला झाला, पंधराशे माणसांनी तांदूळ उधळले आणि त्यातले निम्मे मुंडावळ्यांत अडकले.

कन्यादानाला आईआण्णा शेजारी बसले. आण्णांचा हात थरथरत होता. होम झाला, सप्तपदी झाली. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जिथे सप्तपदीचा विधी होतो तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. हे मला नवऱ्यानेच, पाचव्या पावलाच्या सुमारास, हळू आवाजात सांगितले आणि अजून दोन पावले आहेत, विचार कर, असेही म्हणाला. भटजींनी त्याच्याकडे रागाने पाहिले. मग सूनमुख झाले, झालीची दिवे लावलेली टोपली सासरच्या मंडळींच्या डोक्यांवरून फिरली, जेवणे झाली. मसालेभात, वांग्याची भाजी, जिलेबी आणि मठ्ठा होता, असे मला सांगण्यात आले. मी जिलेबीचे अर्धे कडे खाल्ले.

पाठवणीला मी रडणार नाही असे ठरवले होते आणि आईच्या गळ्यात पडेपर्यंत ते टिकलेही. आत्या गर्दीच्या मागे उभी होती. मी लोकांना बाजूला सारत तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या पाया पडले. तिने ओटीत काही घातले नाही, कारण ओटी सवाशिणींनी भरायची असते. तिने माझ्या हातात स्टीलचा एक डबा दिला, रुखवतात ठेवायचा राहिलाय म्हणाली. पाठराखीण म्हणून चुलत बहीण सोबत बसली आणि गाडी निघाली.

कागलच्या दारात माप ओलांडण्याआधी नाव घ्यायचे होते. आत्यानेच रचून दिलेला उखाणा मी गाडीत पाठ केला होता: "कृष्णाकाठची हळद, दूधगंगेकाठचा ऊस," पुढे यांचे नाव घेऊन, "घरात पडू दे सुखाचा पाऊस." आजेसासूबाई दारातूनच म्हणाल्या, "पाऊस नगं गं बाई, गेल्या साली पुरं झाला." सगळे हसले आणि मी ते माप जरा जास्तच जोरात लवंडले.

दोन दिवसांनी सत्यनारायणानंतर कंकणे सोडली. एकमेकांच्या हातातली गाठ एकाच हाताने सोडवायची असते. त्यांची गाठ मला सुटली, माझी त्यांना सुटली नाही. शेवटी नणंदेने दातांनी सोडवली. सुतातले हळकुंड मी परसात लावावे असे तिने सुचवले. शिजवलेले हळकुंड उगवत नाही, हे मी सांगितल्यावर तिचा हिरमोड झाला. आण्णांनी मे महिन्यात जेठे गड्डे पाठवायचे कबूल केले.

सासऱ्यांच्या आग्रहामुळे आठवडाभरात ग्रामपंचायतीत विवाहनोंदणीही झाली. तीन साक्षीदार, भटजींची सही, पत्रिका आणि फोटो. फोटो पाहून ग्रामसेवकांनी विचारले की छपाईत रंग बिघडलाय का. आम्ही मार्चमध्ये पुण्याला परतणार होतो, पण २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी लागू झाली आणि आम्ही दोघेही कागललाच अडकलो. माझा पहिला पाडवा, पहिली अक्षय तृतीया, सगळे माहेराविना गेले. जेठे गड्डे आले नाहीत.

आत्याचा डबा स्वयंपाकघरात फडताळात ठेवलेला होता. बाजारातली हळद संपली आणि दुकाने अर्धवट उघडी होती, तेव्हा एप्रिलमध्ये सासूबाईंनी तो उघडला. ती जात्यावरची हळद गिरणीच्या हळदीपेक्षा जाडसर होती. आमटीत विरघळायला वेळ लागे आणि घासात कधी कधी कण दाताखाली येई. सासूबाईंनी एकदा ती चाळून घ्यायला सांगितली. मी चाळली नाही. डबा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरला.